अहवालाचे यंत्र निवडताना

कारखान्याच्या हिशेबातून हवा तो अहवाल चटकन काढून देणारी संगणकप्रणाली कोणती घ्यावी, हा प्रश्न आता मुंबई-बंगळूरच्या बड्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचेच उदाहरण घेऊ. छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सातपुड्याच्या कुशीतला हा मुलूख संत्र्याचा आणि कापसाचा. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि व्यापाराची ओढ नागपूरकडे, असा तिथला व्यवहार. दोन भाषांच्या शिवेवर राहणाऱ्या आपल्या वाचकांना तो परका वाटू नये.

अशा गावातील एखाद्या जिनिंगच्या मालकापुढे विक्रेता येतो तो तुलनेचे लांबलचक कोष्टक घेऊन. मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय, २०१९ मध्ये सेल्सफोर्सने विकत घेतलेले टॅब्लो, चेन्नईच्या झोहोचे अ‍ॅनालिटिक्स, शिवाय मेटाबेस आणि सुपरसेट यांसारख्या मुक्त प्रणाली. कोणाचे आलेख किती प्रकारचे, कोणाचे रंग किती, मोबाईलवर कोण दिसते, अशा रकान्यांत बरोबरच्या खुणा केलेल्या असतात. ज्याच्या खुणा अधिक, ते यंत्र श्रेष्ठ! माझे म्हणणे असे की, ही तुलनेची रीतच मुळात उलटी आहे. आधी आपले प्रश्न लिहून काढावेत आणि मग त्या प्रश्नांवर प्रत्येक यंत्राची परीक्षा घ्यावी.

जिनिंगचा पहिला प्रश्न रुईच्या उताऱ्याचा. एका क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि घट. समजा, एके दिवशी १०० क्विंटल कापसाचा उतारा ३५ टक्के आला आणि दुसऱ्या दिवशी ३०० क्विंटलचा ३३ टक्के. या दोन टक्केवाऱ्यांची नुसती सरासरी काढली तर ३४ येते. म्हणजे ४०० क्विंटलांमागे १३६ क्विंटल रुई हवी. प्रत्यक्षात रुई निघाली ३५ आणि ९९, मिळून १३४ क्विंटल. खरा उतारा साडेतेहतीस टक्के. पडद्यावरचा आकडा आणि गोदामातला माल यांत दोन क्विंटलांचा फरक पडला. हा फरक गणिताने केलेला आहे. पण जाब मात्र गोदामाच्या रखवालदाराला विचारला जाईल. यंत्राने दाखवले आहे म्हटल्यावर त्या बिचाऱ्याचे ऐकणार कोण?

यातला दोष कोणत्याही एका प्रणालीचा नाही. वर सांगितलेल्या सर्व प्रणालींत योग्य सरासरी मांडता येते. मात्र ती तशी मांडावी लागते, आणि मांडणाऱ्याला कापूस कळावा लागतो. म्हणून निवडीची पहिली कसोटी ही, की पडद्यावरच्या बेरजेवर बोट ठेवले असता मूळ काटापावतीपर्यंत पोहोचता येते काय? ज्या आकड्याचा माग काढता येत नाही, त्यावरून कोणावर ठपका ठेवू नये.

दुसरी कसोटी वर्षाची. आयकराचे वर्ष एप्रिल ते मार्च. कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. संत्र्याचे तर आंबिया आणि मृग असे दोन बहार. ३१ मार्चला रेघ मारून तुलना केली, तर एकच हंगाम दोन वर्षांत चिरला जातो आणि नफ्या-तोट्याचे चित्र फसवे होते. आपला हंगाम यंत्राला सांगता येतो की नाही, हे विकत घेण्यापूर्वी करून पाहावे.

तिसरी कसोटी पैशाची. यातल्या बहुतेक प्रणाली विकत मिळत नाहीत, माणशी मासिक भाड्याने मिळतात आणि भाडे घरमालकाच्या मर्जीने वाढते. पॉवर बीआयच्या प्रो परवान्याचा दर एप्रिल २०२५ मध्ये माणशी महिना १० डॉलरवरून १४ डॉलर झाला. त्या परवान्यावर अहवाल नुसता पाहणाऱ्यालाही साधारणपणे वेगळा परवाना लागतो. मुक्त प्रणालीला भाडे नाही हे खरे. पण ती चालू ठेवणारा जाणता माणूस लागतो आणि त्याचा पगार कोष्टकात कोणी लिहीत नाही. म्हणून, उद्या यंत्र सोडले तर आपला सारा हिशेब सुस्थितीत बाहेर काढता येईल काय, हे आजच विचारावे.

चौथी कसोटी भाषेची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. काट्यावर बसणाऱ्याला मराठी येते, हिशेबनिसाला हिंदी, आणि अहवाल मात्र इंग्रजीत! ज्याच्या कामाचे मोजमाप होते, त्याला ते वाचता आले तरच तो म्हणू शकेल, ‘‘साहेब, हा आकडा चुकला आहे.’’ अहवालातील चुका पकडण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मुनीम आहे, बंगळूरची टॅली आहे, तेवढे पुरे. लहान पेढीच्या बाबतीत हे मला मान्य आहे. येणे-देणे, साठा आणि जीएसटी यांचे अहवाल टॅलीत मिळतातच. त्यांनी भागत असेल तर नवे भाडे डोक्यावर घेऊ नये. परंतु खरेदी एका वहीत, काटा दुसऱ्या यंत्रात आणि विक्री तिसऱ्याच ठिकाणी असेल, तर ते सारे जुळवणारी प्रणाली लागते. तेव्हा मुनिमाला बाजूला सारू नये. अहवालाची मांडणी त्याच्याच सल्ल्याने करावी.

येथे महाविद्यालयांना काम आहे. आपण विद्यार्थ्यांना एखाद्या प्रणालीची बटणे शिकवतो आणि प्रमाणपत्र देतो. त्याऐवजी वाणिज्य आणि संगणक या दोन्ही शाखांच्या मुलांनी एखाद्या पेढीच्या अनुमतीने तिचा एका हंगामाचा हिशेब घ्यावा, मालकाचे पाच आणि कामगारांचे पाच प्रश्न लिहावेत आणि दोन-तीन प्रणालींवर तीच उत्तरे काढून पाहावीत. शेवटी प्रत्येक उत्तर हाताने पडताळावे. बटणे दर दोन वर्षांनी बदलतात; पडताळ्याची सवय मात्र जन्मभर उपयोगी पडते.