विक्रम नकोत, मैफल हवी

खजुराहोच्या २०२५ च्या नृत्य समारोहात घड्याळ जिंकले. १३९ कलावंत आळीपाळीने २४ तास ९ मिनिटे २६ सेकंद नाचले, गिनीजचे प्रमाणपत्र मिळाले आणि मध्य प्रदेश सरकारने स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्याच्या आदल्या वर्षी याच खजुराहोत १,४८४ जणांना एका वेळी कथक करायला लावून विक्रम झाला होता. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर १,२८२ तबलजी बसवले गेले. तानसेन समारोहाचे शंभरावे वर्ष आले तेव्हाही सरकारला दुसरे काही सुचले नाही. त्याच किल्ल्यावर ५४६ वादकांचे सामूहिक वादन झाले आणि आणखी एक प्रमाणपत्र भिंतीवर लागले. चौदा महिन्यांत चार विक्रम! उज्जैनमध्ये एकाच वेळी वाजवलेले दीड हजार डमरू यात धरलेलेच नाहीत. सेकंदांचा हिशेब इतका चोख ठेवणाऱ्या सरकारला आमचा एकच प्रश्न आहे: या सगळ्यातून जबलपूरला काय मिळाले?

काहीही मिळालेले नाही. राज्याच्या सांस्कृतिक पंचांगात ग्वाल्हेरला तानसेन आहेत, मैहरला अल्लाउद्दीन खां, इंदूरला अमीर खां आणि देवासला कुमार गंधर्व. जबलपूरच्या वाट्याला आला तो नर्मदा महोत्सव. शरद पौर्णिमेला भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांसमोर भजने होतात, नृत्ये होतात, लोकप्रिय गायक येतात, गर्दी जमते आणि दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो. त्याला आमचा विरोध नाही. पण नदीकाठच्या जत्रेला संगीत समारोह म्हणायचे आणि तेवढ्यावर शहराची बोळवण करायची, हे चालणार नाही. ज्या शहराला विनोबांनी संस्कारधानी म्हटले, त्या शहराच्या नावावर देशभरातल्या रसिकांनी वाट पाहावी असा शास्त्रीय संगीताचा, ठरल्या तारखेचा एकही समारोह नसावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

शहरात काय कमी आहे? भातखंडे संगीत महाविद्यालय आहे. शहीद स्मारक आहे, मानस भवन आहे, वीज मंडळाचे तरंग सभागृह आहे. गणेशोत्सवात आणि दत्त जयंतीला रात्र रात्र बैठका ऐकलेली मराठी कुटुंबे गोलबाजारापासून राइट टाउनपर्यंत अजून नांदत आहेत. रेल्वेने दोन-अडीच तासांवर मैहर आहे. १९१८ मध्ये अल्लाउद्दीन खां तिथे राजा ब्रजनाथ सिंह यांच्याकडे आले. इन्फ्लूएंझाच्या साथीत अनाथ झालेली पोरे त्यांनी गोळा केली, त्यांच्या हाती वाद्ये दिली, बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग बनवला आणि मैहर बँड उभा केला. अली अकबर खां, अन्नपूर्णा देवी, रविशंकर, निखिल बॅनर्जी त्याच छोट्या गावात घडले. आपले विष्णू गोविंद जोगही व्हायोलिन घेऊन याच उस्तादांकडे शिकले. अल्लाउद्दीन खां यांनी पोरांना रोज रियाझाला बसवले, चुकले की धपाटे घातले आणि वर्षानुवर्षे हेच केले. त्यांना गिनीजची गरज पडली नाही. १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले तेही या साधनेपोटी, बसवलेल्या मुलांची डोकी मोजून नव्हे.

समारोह कसा जगतो हे कळायला दूर जायला नको. गुरूंच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळाने तो वाढवला आणि डिसेंबर आला की पुणेकर सतरंजी काढून ठेवू लागला. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये महोत्सव झाला नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये मंडप पुन्हा उभा राहिला आणि श्रोते परतले, कारण तारीख त्यांच्या अंगवळणी पडली होती. जालंधरसारख्या शहरात हरिवल्लभ संमेलन १८७५ पासून भरते आहे, तेही ऐन थंडीत. मिरजेत अब्दुल करीम खां यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणे होते, तिथे गवई हजेरी लावणे भाग्याचे मानतात. यातले एकही ठिकाण राजधानी नाही. तिथे वर्षानुवर्षे न चुकणारी तारीख आहे आणि त्या तारखेला जमणारा जाणता श्रोता आहे. जबलपूरला हेच हवे आहे आणि हेच मिळत नाही.

विक्रमांमुळे पर्यटन वाढते, तरुण कलेकडे वळतात, असे अधिकारी सांगतात. वळत असतील. पण हजारात एक होऊन ठरलेला तुकडा वाजवणाऱ्या मुलाला पुढे काय? त्याला एकट्याने बसायला मंच लागतो, समोर चुकले तर ओळखणारा कान लागतो, आणि वर्षातून एकदा मोठ्या कलावंताच्या पायाशी बसून तासभर विस्तारलेला राग ऐकायला मिळावा लागतो. तो कान विक्रमातून तयार होत नाही. प्रमाणपत्रे फ्रेममध्ये जातात आणि संगीत शिक्षकाच्या घरी शिकवणीची फी तेवढीच राहते.

हा रोग एकट्या भोपाळचा नाही. महाराष्ट्रातही महोत्सव म्हटले की आधी फलकावर मंत्र्यांचे फोटो किती, हे ठरते. कलावंताला वेळ मिळतो तो भाषणे संपल्यावर. दीप प्रज्वलनाला पाऊण तास आणि विलंबित ख्यालाला पंचवीस मिनिटे, हे गणित नागपूरकरांना आणि जबलपूरकरांना सारखेच पाठ आहे. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती. मग राजधानी भोपाळला गेली, जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले आणि तेव्हापासून या शहराला काही मागायचे म्हटले की उच्च न्यायालयाकडे बोट दाखवले जाते. न्यायालयात तंबोरा लागत नाही, हे आता कोणीतरी भोपाळला सांगायला हवे.

आमची मागणी साधी आहे. सरकारने आणि महापालिकेने जबलपूरच्या शास्त्रीय संगीत समारोहासाठी एक तारीख जाहीर करावी आणि ती कोणत्याही निवडणुकीसाठी हलवू नये. कलावंतांची निवड गायक-वादकांच्या समितीकडे सोपवावी. पहिल्या दिवशी शहरातल्या आणि महाकोशलातल्या विद्यार्थ्यांना गायला-वाजवायला बसवावे. मंचावर भाषण एकही नको. तिकीट ठेवावे, कमी असले तरी चालेल, पण ठेवावे. फुकट मिळालेल्या खुर्चीवरून माणूस मध्येच उठून जातो.

आणि सरकार हलले नाही, तर जबलपूरकरांनी वाट पाहू नये. पुण्यातला महोत्सव सरकारने सुरू केलेला नव्हता. शहरातल्या मराठी मंडळांनी, भातखंडे महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि बँकेतून, रेल्वेतून, कारखान्यातून निवृत्त झालेल्या रसिकांनी एकत्र बसावे आणि पहिल्या वर्षी दोनच रात्री ठरवाव्यात. दुसऱ्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा जमावे. सलग दहा वर्षे तारीख पाळली, तर अकराव्या वर्षी भोपाळचे मंत्री उद्घाटनाला धावत येतील. तेव्हा त्यांना तिकीट काढायला सांगावे आणि खुर्चीवर बसवावे, मंचावर नव्हे.