किनाऱ्यावरचं आपलं घर कुणाच्या नावावर?

डोंगरीत वाढलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, समुद्र कुठे आहे? तो मरीन ड्राइव्हचं नाव घेईल, फार तर हाजी अलीचं. खरं तर त्याच्या घरापासून पूर्वेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की समुद्र आहे. पण पी. डिमेलो रोड ओलांडला की गोदीची भिंत लागते, आणि भिंतीपलीकडे काय आहे हे आपल्या पिढीतल्या बहुतेकांनी पाहिलेलंच नाही. मुंबईच्या सगळ्यात जुन्या बंदरवस्तीत आपण राहतो आणि आपल्याला बंदर दिसत नाही. आता ती भिंत हलू लागली आहे. भिंतीच्या अलीकडच्या इमारतीही हलू लागल्या आहेत. म्हणून हा लेख.

आपल्या वस्त्यांची नावं वाचली तरी इथे पाणी होतं हे कळतं. पायधुनी म्हणजे पाय धुण्याची जागा. उमरखाडीत खाडी आहे, चिंचबंदरमध्ये बंदर आहे. मस्जिद बंदरच्या नावातली मशीद म्हणजे मुळात कोकणातून आलेल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचं 1796 सालचं प्रार्थनास्थळ, असं सांगतात. ते लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. त्यानंतर काही वर्षांनी, 1802 मध्ये, मुंबईची जुमा मशीद उभी राहिली. तिच्याशी कोकणी मुसलमानांचं, त्यातल्या नाखवांचं आणि व्यापाऱ्यांचं नातं जुनं आहे. रत्नागिरी, रायगडच्या खाड्यांमधून आलेला माणूस इथे बोटीतून उतरला, इथेच जमातीच्या खोलीत राहिला, इथूनच जहाजावर कामाला गेला. 1841 मध्ये बांधलेला भाऊचा धक्का म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांचा मुंबईत शिरायचा दरवाजा. हजला जाणारी जहाजंही 1995 पर्यंत मुंबईतूनच सुटत होती.

पुढे 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक आणि 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झालं. भराव पडत गेला, समुद्र लांब गेला, मध्ये गोदामं आणि रेल्वे आली. पण या गोदीची किंमत वस्तीने मोजली. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजातल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, 66 अग्निशामक जवान गेले, आजूबाजूची घरं बेचिराख झाली. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी 1946 मध्ये नौसैनिकांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. त्यांच्या संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. त्यांच्या पाठिंब्याला भेंडीबाजार, डोंगरी, परळचे कामगार रस्त्यावर आले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मेले. ज्या रस्त्याने आपण रोज जातो, तो गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो यांच्या नावाचा आहे. तेव्हा या मोहल्ल्याला कुणी 'दाऊदचा इलाका' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळून टाकलं, तर त्याला हा इतिहास सांगायची जबाबदारी आपलीच आहे.

इतिहासाचा अभिमान मात्र छत गळायचं थांबवत नाही. 2013 मध्ये माझगावला बाबू गेनू मार्केटची इमारत कोसळली आणि 61 जण दगावले. ती महापालिकेचीच इमारत होती, फार जुनीही नव्हती. 31 ऑगस्ट 2017 रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडली, 33 जण गेले. जुलै 2019 मध्ये डोंगरीतली केसरबाई इमारत. दर पावसाळ्यात धोकादायक इमारतींची यादी येते, नोटीस चिकटवली जाते आणि लोक तिथेच राहतात. का राहतात? कारण एकदा संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबं दशकानुदशकं परत आली नाहीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. घर सोडलं तर हक्क जाईल ही भीती आणि घर पडेल ही भीती, या दोन भीतींमध्ये आपली माणसं रात्री झोपतात.

याच वेळी गोदीच्या बाजूला वेगळंच चित्र रंगतंय. पोर्टच्या ताब्यातल्या शेकडो हेक्टर जमिनीचं काय करायचं याची चर्चा 2014 च्या राणी जाधव समितीपासून सुरू आहे. 2018 मध्ये पोर्ट ट्रस्टलाच त्या जमिनीचं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं आणि पूर्व किनाऱ्याचा आराखडा आला. बॅलार्ड पिअरला क्रूझ टर्मिनल झालं. पूर्व मुक्त मार्ग 2013 पासून आपल्या डोक्यावरून जातोय. ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत बोगद्याचं काम सुरू आहे. म्हणजे वरून आणि खालून लोकांना घाईने पलीकडे नेणारे रस्ते बनताहेत. मधल्या वस्तीला त्या किनाऱ्यावर पायी जायला वाट मिळणार का? मुलांना मैदान मिळणार का? हे प्रश्न विचारायला आपल्याकडून किती जण जातात?

असं पूर्वीही झालंय. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. वस्तीला हवा मिळावी म्हणून दाट मोहल्ल्यांतून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, घरं पाडली. ज्यांची घरं गेली त्यातल्या अनेकांना नवं घर परवडलं नाही, ते बाजूच्याच चाळींत आणखी दाटीने राहू लागले. सुधारणा झाली, पण ज्यांच्या नावाने झाली त्यांना तिच्यात जागा नव्हती. सव्वाशे वर्षांनी पुन्हा तसंच व्हायचं नसेल, तर आपल्याला कायदा समजून घ्यावा लागेल. तो फार अवघड नाही.

दक्षिण मुंबईतल्या जुन्या भाडेकरू इमारतींना उपकरप्राप्त म्हणतात. 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं तेव्हा अशा इमारती 19,642 होत्या. पगडीला 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मान्यता दिली. विकास नियंत्रण नियमावलीतल्या 33(7) खाली पुनर्विकास झाला, तर निवासी भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचं चटईक्षेत्र मालकीने मिळतं. ती बिल्डरची मेहरबानी नव्हे. म्हाडा कायद्यातलं 79-अ कलम तर आपण सगळ्यांनी पाठ करायला हवं. इमारत धोकादायक ठरली की मालकाला 51 टक्के रहिवाशांच्या संमतीसह प्रस्ताव द्यायला सहा महिने मिळतात. त्याने दिला नाही, तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला मिळतात. तेही झालं नाही, तर म्हाडा इमारत ताब्यात घेऊ शकते. ते मधले सहा महिने आपले आहेत. पण ज्या इमारतीत लोक एकमेकांच्या दारात चपला ठेवण्यावरून दहा वर्षं बोलत नाहीत, तिथे सहा महिन्यांत सोसायटी कशी उभी राहणार? ती नोटीस यायच्या आधीच उभी असायला हवी.

आता जरा कडू वाटेल असं. भाडेपावती पाहा. तिच्यावर कुणाचं नाव आहे? बहुतेक ठिकाणी मयत आजोबांचं. काही ठिकाणी एका काकांचं. अम्मीचं नाव क्वचित. कायद्याप्रमाणे भाडेकरू वारला की मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे भाडेहक्क जातो. म्हणजे लग्न होऊन गेलेल्या बहिणीचा दावा तिथेच दुबळा होतो. खोली भाड्याची होती तोवर यात फारसं बिघडत नव्हतं, कारण वाटायला काही नव्हतंच. पण तीच खोली उद्या मालकीचा फ्लॅट होणार, त्याची किंमत कोटीच्या घरात जाणार, आणि तो एका भावाच्या नावावर चढणार. मंचावर आपण अभिमानाने सांगतो की इस्लामने चौदाशे वर्षांपूर्वी मुलीला वारसाहक्क दिला. मग घरातली सही करताना तो हक्क कुठे जातो? कायद्यातली पळवाट सापडली म्हणून अन्यायाचा इन्साफ होत नाही. पुनर्विकासाचा करार होण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून लेखी ठरवावं, विधवा आईचं नाव आधी चढवावं, बहिणींना हिस्सा किंवा त्याची रक्कम द्यावी. हे कुठल्याही बिल्डरच्या हातात नाही. पूर्णपणे आपल्या हातात आहे.

हीच गोष्ट गावच्या जमातीच्या खोल्यांची. कोकणातल्या कित्येक गावांनी पै-पै जमवून डोंगरी-माझगावात खोल्या घेतल्या. गावचा कुणीही मुंबईला आला की उतरायला जागा. आज त्यातल्या अनेक खोल्यांच्या पावत्या कुणा जुन्या विश्वस्ताच्या नावावर आहेत आणि हिशेबाची वही कुणाच्या तरी कपाटात. त्या खोल्या गावच्या आहेत. पुनर्विकासात त्या खासगी होऊ नयेत यासाठी गावातल्या आणि मुंबईतल्या तरुणांनी आत्ताच कागद मागायला हवेत. मागताना अदब ठेवा, पण मागा.

कुणी म्हणेल, कशाला हा खटाटोप? खोली विकावी, मुंब्रा किंवा मीरा रोडला दोन बेडरूमचं घर घ्यावं. ज्यांनी असं केलं त्यांना मी दोष देणार नाही. 1992-93 नंतर अनेकजण भीतीने गेले, अनेकजण हवा-उजेड शोधत गेले. दहा बाय दहाच्या खोलीत दोन संसार म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. पण जाणं आपल्या मर्जीने व्हावं, फसवणुकीने किंवा कंटाळून नव्हे. आणखी एक आहे. शहराच्या मध्यावर, कोर्ट, कॉलेज, जे. जे. रुग्णालय, स्टेशन सगळं हाताशी असलेल्या जागी गरीब आणि मध्यमवर्गीय मुसलमान, हिंदू, ज्यू, ख्रिस्ती शेजारी शेजारी राहत आले. अशी वस्ती एकदा विखुरली की ती पुन्हा कुठल्याही आराखड्यात येत नाही.

भेंडीबाजारात बोहरा समाजाच्या ट्रस्टने साडेसोळा एकरांवर समूह पुनर्विकास हाती घेतला. तिथली पद्धत सगळ्यांना पटेलच असं नाही, वादही झाले. तरी एकेका इमारतीने वेगळं भांडण्यापेक्षा गल्लीने एकत्र बसणं शक्य आहे, एवढं त्यातून दिसतं. डोंगरी आणि माझगावला एकच मोठा ट्रस्ट नाही. आपल्याकडे आहेत त्या जमाती, मंडळं, व्यायामशाळा, शिकलेल्या मुली आणि वकिली करणारी पोरं. तेवढं पुरेसं आहे, जर त्यांनी एकत्र यायचं ठरवलं तर.

म्हणून या महिन्यात तीन कामं करा. घरातली भाडेपावती काढा, तिच्यावरचं नाव वाचा आणि ते बदलायचं असेल तर अम्मी-अब्बांशी बोला. इमारतीतल्या लोकांची एक बैठक बोलवा, बायकांसह, आणि रहिवाशांची पूर्ण यादी करा. आणि पूर्व किनाऱ्याच्या आराखड्यावर पुढची सुनावणी होईल तेव्हा लेखी सूचना घेऊन जा: आमच्या मोहल्ल्यातून समुद्रापर्यंत पायवाट हवी, मैदान हवं, शौचालय हवं. मराठीत लिहा, सही करा, पोचपावती घ्या आणि ती जपून ठेवा.