वेरूळची सून

साल 1657. मे महिन्याच्या 14 तारखेला पुरंदर किल्ल्यावर सईबाईंच्या पोटी शंभूराजे जन्मले. त्याच वर्षी सप्टेंबरात, आपल्या या शहरात, औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिला मुलगा झाला. त्याचं नाव अकबर. त्या बाळंतपणातून ती उठलीच नाही. महिन्याच्या आत, 8 ऑक्टोबरला गेली. इकडे सईबाईंची प्रकृतीही खालावत गेली आणि 5 सप्टेंबर 1659 रोजी राजगडावर त्यांनी डोळे मिटले. शंभूराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. अकबराच्या आईसाठी मकबरा उभा राहिला. शंभूराजांना आजी होती.

पुढे ही दोन मुलं एकमेकांसमोर आली. 1681 मध्ये अकबर बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत उतरला आणि त्याने आसरा मागितला तो संभाजीराजांकडेच. दोघेही चोविशीचे, दोघांनाही आईचा चेहरा आठवत नसणार. अकबर 1687 मध्ये समुद्रमार्गे इराणला निघून गेला आणि तिकडेच वारला. मकबऱ्यातल्या आईकडे तो कधी परतला नाही.

यंदाच्या अंकाचा विषय ‘आजी’ असा ठरला, तेव्हा सुरुवात जिजाऊंपासूनच करायची हे आमच्या मनात पक्कं होतं. 2023 मध्ये या शहराला अधिकृतपणे त्यांच्या नातवाचं नाव मिळालं. पण हे नाव त्याआधी त्यांच्या लेकाचं होतं, याची आठवण फार थोडे ठेवतात. शहाजीराजे आणि जिजाऊ यांचा थोरला मुलगा संभाजी. कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात तो मारला गेला. त्यानंतर काही वर्षांतच पुरंदरावर नातू झाला आणि त्याला गेलेल्या काकाचं नाव ठेवलं गेलं. म्हणजे नातवाला हाक मारताना आऊसाहेबांच्या तोंडी प्रत्येक वेळी गमावलेल्या लेकाचं नाव येत असणार. आज आपण पत्ता लिहिताना, बसची पाटी वाचताना तेच नाव घेतो.

आपला जिल्हा जिजाऊंना परका नव्हता. त्या वेरूळच्या सून. भोसले घराण्याकडे वेरूळची पाटिलकी होती; सासरे मालोजीराजे यांनी घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. शहरातून वेरूळला जायला निघालो की वाटेत देवगिरी लागतो. 25 जुलै 1629 रोजी याच किल्ल्यात, निजामशाहाच्या दरबारात, जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांना दगा देऊन मारलं गेलं. त्यांच्यासोबत जिजाऊंचे भाऊ अचलोजी व राघोजी आणि भाचा यशवंतराव हेही गेले. एका दिवसात माहेर ओस पडलं. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. सात महिन्यांच्या आत शिवनेरीवर शिवराय जन्मले. देवगिरी पाहायला जाणाऱ्या शाळेच्या सहलींना भुलभुलय्या दाखवतात, मेंढा तोफ दाखवतात. या लेकीचं दुःख तिथे कोणी सांगत नाही, आणि ते सांगायला हवं असं मला फार मनापासून वाटतं.

सासर आणि माहेर यांच्यात त्याआधीच रक्त सांडलं होतं. खंडागळ्यांच्या हत्तीचं प्रकरण बखरींनी नोंदवलं आहे. दरबार सुटताना हत्ती बिथरला, त्यातून जाधव आणि भोसले एकमेकांवर तलवारी घेऊन धावले, आणि जिजाऊंचा भाऊ दत्ताजी व चुलत दीर संभाजी दोघेही पडले. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढत होते आणि लखुजीराव मोगलांच्या पक्षात होते. अशा वेळी माहेरी निघून जाणं जिजाऊंना अशक्य नव्हतं. त्या गेल्या नाहीत. पतिनिष्ठा म्हणून आपण जे एका दमात सांगून मोकळे होतो, त्यात बाप आणि नवरा समोरासमोरच्या फौजांत असतानाही टिकून राहणं होतं. तेही पुढे नवऱ्याच्या सहवासाशिवाय. शहाजीराजे बंगळूरकडे आणि आऊसाहेब पुण्याच्या जहागिरीत, अशी वर्षंच्या वर्षं गेली. पुणं आदिलशाही फौजेने जाळून, गाढवाचा नांगर फिरवून उजाड केलं होतं. ते गाव पुन्हा वसवलं, शेतकरी परत आणले, कसब्यात गणपतीचं देऊळ बांधलं, जमिनीचे आणि वतनांचे तंटे ऐकले आणि तोडले. नवऱ्याच्या जहागिरीचा संसार त्यांनी असा केला. 23 जानेवारी 1664 रोजी होदिगेरीजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. आऊसाहेब सती जायला निघाल्या आणि शिवरायांनी त्यांना गळ घालून थांबवलं, असं बखर सांगते. बरं झालं त्या थांबल्या. कारण त्यांच्या आयुष्यातला आजी म्हणून सर्वांत कठीण काळ अजून यायचा होता.

शंभूराजांच्या सांभाळात दूध पाजणारा हात कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांचा होता. त्यांचं ऋण मोठं आहे. पण आई गेल्यानंतर मुलाची सगळी जबाबदारी घेतली ती आजीने, आणि तेव्हा आजी साठी ओलांडलेली होती. सईबाई गेल्या तेव्हा अफझलखान स्वराज्यावर चालून आलेला होता. सून गेल्यानंतर दोनच महिन्यांनी मुलगा प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाला भेटायला जाणार होता. घरात सुतक, दारात शत्रू आणि कडेवर दोन वर्षांचं पोर.

मग जून 1665. पुरंदरच्या तहात 23 किल्ले द्यावे लागले, आणि तहाच्या अटी पाळल्या जाईपर्यंत आठ वर्षांच्या शंभूराजांना मोगल सेनापती मिर्झाराजांच्या छावणीत जावं लागलं. पुढच्या मार्चमध्ये आग्रा. शिवराय निघाले ते नऊ वर्षंही पुरी न झालेल्या मुलाला बरोबर घेऊन. मागे राज्य आऊसाहेबांच्या हाती. त्यांचं वय तेव्हा 68. मुलगा आणि नातू दोघेही बादशाहाच्या पहाऱ्यात, तिथून येणारी बातमी आठवडेच्या आठवडे जुनी. इकडे गडकोट जागच्या जागी, कारभारी आपापल्या कामावर. 17 ऑगस्टला दोघे आग्र्यातून निसटले, पण बरोबर मूल असलं की ओळख पटते म्हणून शंभूराजांना मथुरेला विश्वासू ब्राह्मण कुटुंबात ठेवलं आणि मोगलांचा माग तुटावा यासाठी ते वारल्याची आवई उठवली गेली. शिवराय राजगडाला पोचले तेव्हा नातू बरोबर नव्हता. तो नंतर आला. त्या मधल्या दिवसांत राजगडावर एका म्हाताऱ्या बाईच्या मनात काय चाललं असेल, याचा एकही कागद नाही.

त्यानंतर वर्षभरातच, नोव्हेंबर 1667 मध्ये, शंभूराजे पुन्हा निघाले. मोगलांशी तह झाला होता आणि शहजादा मुअज्जम सुभेदार म्हणून या शहरात होता. त्याच्या भेटीसाठी दहा वर्षांचे शंभूराजे प्रतापराव गुजरांसह इथे आले आणि भेट होताच परत गेले. ज्याच्या नावाने आज हे शहर ओळखलं जातं, तो मुलगा म्हणून इथे येऊन गेला आहे. पाठवणाऱ्यांत आजी होती. इतक्या वेळा नातवाला शत्रूच्या दारी जाताना पाहणं आणि तरीही त्याला भित्रा होऊ न देणं, ही जिजाऊंची कामगिरी मला पाळण्यातल्या गोष्टी सांगण्याहून फार मोठी वाटते. आपण मात्र त्यांना गोष्टी सांगणारी आई म्हणूनच पाठ्यपुस्तकात बसवलं.

रायगडावरची गार हवा त्यांना उतारवयात सोसेना, म्हणून पायथ्याशी पाचाडला वाडा बांधला गेला. 6 जून 1674 रोजी मुलगा सिंहासनावर बसलेला त्यांनी पाहिला. सतरा वर्षांचा नातू युवराज झालेला पाहिला. अकरा दिवसांनी, 17 जूनला, पाचाडला त्या गेल्या. पुढच्या साडेचार वर्षांत घर दुभंगलं आणि 1678 च्या डिसेंबरात शंभूराजे मोगल सरदार दिलेरखानाकडे निघून गेले. इतिहासकार त्याची कारणं राजकारणात शोधतात, आणि ती तिथे आहेतही. पण मला वाटतं, आऊसाहेब असत्या तर त्या घरातलं भांडण त्या थराला गेलं नसतं. बाप, सावत्र आई आणि मुलगा या तिघांनाही एका जागी बसवून बोलायचा अधिकार असलेलं माणूस उरलं नव्हतं.

या अंकासाठी लेख मागवले तेव्हा आजीच्या हातच्या धपाट्यांवर, येसरावर, तिच्या गोधडीवर भरभरून लिहून आलं. ते सगळं खरं आहे आणि त्यातलं उत्तम ते पुढच्या पानांवर आहे. पण आजीचं माहेरचं नाव काय, ती कोणत्या गावची, घरातला कोणता मोठा निर्णय तिने घेतला, असं आम्ही लेखकांना उलट विचारलं तेव्हा बरेच जण थांबले. आपल्या वंशावळीत, कुर्सीनाम्यात, बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू लिहिलेला असतो. बाई त्यात नसतेच. अनेकींचं तर लग्नात पाळण्यातलं नावही बदलून गेलं. दिलरस बानूचा मकबरा रोज शेकडो लोक पाहतात. त्याच्या दरवाज्यावर तो उभारणाऱ्या कारागिरांची, अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावं आहेत. आत झोपलेल्या बाईचं नाव किती जण सांगू शकतील?

मराठवाड्यातल्या आज्यांकडे सांगण्यासारखं फार आहे. रझाकारांच्या भीतीने रात्री गाव सोडून शिवारात लपलेल्या, 17 सप्टेंबर 1948 ची संध्याकाळ आठवणाऱ्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन आणि मिलोच्या भाकरी थापून लेकरं जगवली, त्याही आता सत्तरी पार करून गेल्या. विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत ज्यांची घरं जळली आणि ज्यांनी तरीही पोरांना शाळेतून काढलं नाही, त्या आजीपणाला पोचल्या आहेत. त्यांना कोणी विचारलं नाही म्हणून त्या बोलल्या नाहीत. कोणी नवऱ्याच्या दारूपुढे उभं राहून जमीन विकू दिली नाही, कोणी सून गेल्यावर नातवंडं वाढवली, कोणी मुलीला नर्सिंगला पाठवण्यासाठी अंगावरचं डोरलं मोडलं. हे त्या घरातल्या लोकांना ओझरतं माहीत असतं आणि एका पिढीत पुसलं जातं.

म्हणून वाचकहो, एक विनंती. पाडव्याला, भाऊबीजेला घर भरलेलं असेल. आजी असेल तर तिच्याजवळ बसा, नसेल तर तिला ओळखणाऱ्या आत्याला, मावशीला विचारा. तिचं लग्नाआधीचं नाव लिहून घ्या. माहेरचं गाव, आईचं नाव, कोणत्या वर्षी काय सोसलं आणि कोणत्या वेळी तिने एकटीने काय ठरवलं, ते तिच्याच बोलीत, तिच्याच शब्दांत लिहा. हस्ताक्षर कसंही असो, शुद्धलेखन कसंही असो, आमच्याकडे पाठवा. पुढच्या वर्षीच्या अंकाची पानं आम्ही त्यासाठी राखून ठेवली आहेत.