पैसे माझे, नजर ताईची

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई

महोदय,



मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांच्या हिशेबात डोकं घालून बसते. टॅलीत बत्तीस पैशांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत मला डबा गोड लागत नाही. वय ३६. मी ऑटिस्टिक आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. तो शब्द मला फारसा पटत नाही, कारण मी स्वतःत मग्न कमी आणि समोरच्याने आत्ता नेमकं काय म्हटलं या विचारात जास्त असते. पण शब्दाचं भांडण आज नको, आज पैशांचं बोलायचं आहे.

लोकांचे हिशेब चोख आणि स्वतःचं बँकेचं काम निघालं की पोटात गोळा, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. टॅली माझ्यावर खेकसत नाही. शाखेत टोकनचा पुकारा चालू असतो, काउंटरवर तिघं एकदम वाकलेले असतात, ट्यूबलाइट गुणगुणत असते (ती फक्त मलाच ऐकू येते, असं ताई म्हणते) आणि काचेपलीकडून प्रश्न येतो, "तुमचं काय?" त्याचं उत्तर मी घरून कागदावर लिहून नेते. समोरून मधेच दुसरा प्रश्न आला की तो कागद फुकट जातो.

त्यात माझी सही. बोटांचा ताळमेळ पहिल्यापासून कच्चा, त्यामुळे सही दोन वेळा सारखी उमटत नाही. चेक परत येतो आणि वर "नीट करा ना जरा" हा सल्ला मिळतो. नीट करता येत असती तर इयत्ता चौथीपासूनच केली असती.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांच्या पश्चात माझ्या वाट्याला आलेल्या पैशांची मुदत ठेव करायला मी एका शाखेत गेले. टेबलावरच्या माणसाने एक फॉर्म पुढे केला आणि म्हणाला, "हे एफडीसारखंच आहे." माझ्या डोक्यात 'सारखंच' याचा अर्थ सारखंच असा होतो. 'थोडंफार तसं दिसतं, पण दरवर्षी हप्ता भरावा लागेल' हा अर्थ त्या शब्दात असतो, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. घरी कागद आले तेव्हा कळलं की ती विमा पॉलिसी होती. ती परत करायची मुदत अजून शिल्लक होती, मी लेखी अर्ज दिला आणि पैसे सुटले. विमा आपल्या अखत्यारीत येत नाही हे मला माहीत आहे. टेबल मात्र बँकेचं होतं.

त्यानंतर मी माझी व्यवस्था लावली. आजी डाळीच्या डब्यांत पैसे ठेवायची. एका डब्यात किराण्याचे, एकात दूध-पेपरचे, एकात 'हात लावायचा नाही' असे. माझी तीन खाती म्हणजे तेच डबे. पगार पहिल्यात येतो आणि भाडं, वीजबिल, आरडी तिथूनच आपोआप जातात. दुसऱ्यात दर सोमवारी २,५०० रुपये पडतात आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडलेलं आहे. ते संपले की आठवडा संपला. तिसऱ्याला ना कार्ड, ना यूपीआय. कार्ड किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे वळते होण्याच्या चोवीस तास आधी ग्राहकाला कळवलंच पाहिजे हा आपला नियम माझ्यासाठी फार मोलाचा आहे. अचानक आलेल्या कपातीने माझा अख्खा दिवस जातो, रक्कम ४९ रुपये असली तरी.

या व्यवस्थेतलं शेवटचं चाक म्हणजे ताई. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती चहा घेऊन बसते आणि माझी स्टेटमेंटं वाचते. मला आकडे दिसतात, तिला माणसं दिसतात. "हा कोण? याला दोनदा का पाठवलेस?" असं ती विचारते. एकदा एका ओळखीच्याने उसने म्हणून तीन वेळा पैसे नेले होते. बेरीज माझ्याकडे पै-पैशासकट बरोबर होती. तो परत देणार नाही हे ताईने ओळखलं.

आणि इथेच माझी अडचण सुरू होते. एरवीही तिचं लक्ष राहावं म्हणून ताईकडे माझा पासवर्ड आहे. पासवर्ड कुणालाही, अगदी घरच्यांनाही सांगू नये, हे बँका आणि आपण स्वतः रोज बजावता. आपल्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे त्याने पासवर्ड वगैरे दुसऱ्याला दिल्यामुळे, पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. म्हणजे ज्या मदतीमुळे मी सुरक्षित आहे, तीच मदत घेतल्याबद्दल उद्या मी निष्काळजी ठरणार.

मग रीतसर मार्ग कोणता, असं मी शाखेत विचारलं. मिळालेल्या उत्तरांपैकी पहिलं, संयुक्त खातं. त्यात ताईला पैसे काढताही येतात, आणि तिला ते नकोय. दुसरं, मॅन्डेट किंवा मुखत्यारपत्र. त्यातही तिने खातं चालवायचं. तिसरं उत्तर देताना मॅनेजर बाईंनी आवाज हळू केला. "ऑटिझम आहे म्हणता, तर मग गार्डियनचं सर्टिफिकेट आणा ना."

याचं मूळ बहुधा आपल्याच २००७ च्या परिपत्रकात आहे. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली स्थानिक समितीने दिलेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं, असं त्यात सांगितलं होतं. ज्यांना खरोखर त्याची गरज आहे अशा अनेक घरांची त्याने सोय झाली, हे मी मान्य करते. पण काउंटरपर्यंत येता येता 'प्रमाणपत्र चालेल' याचं 'प्रमाणपत्र लागेल' झालं. त्याच २००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. पुढे अपंग हक्कांचा २०१६ चा कायदा आला. त्याच्या कलम १३ मध्ये अपंग व्यक्तीला स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा आणि बँकेचं कर्ज मिळवण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. मी ते कलम छापून नेलं होतं. बाईंनी ते वाचलं, चांगलं आहे म्हणाल्या आणि परत दिलं.

थोडक्यात, बँकेच्या लेखी मी एक तर पूर्ण समर्थ, म्हणजे माझं मी बघावं, किंवा पूर्ण असमर्थ, म्हणजे माझं कुणीतरी दुसऱ्याने बघावं. मी या दोन्हींत बसत नाही. माझ्यासारखी बरीच माणसं बसत नसावीत, आणि त्यांतली कित्येक तर ऑटिस्टिकही नसतील. विसराळू झालेले सासरे असतील, नवऱ्यामागे पहिल्यांदाच व्यवहार बघणारी काकू असेल.

मला हवंय ते फार थोडं आहे. माझ्या खात्यावर माझ्या संमतीने एका व्यक्तीला फक्त पाहता यावं. तिने पैसे हलवायचे नाहीत, सही करायची नाही. तिच्या नावाचं वेगळं लॉगिन असावं, आणि माझ्या मनात येईल तेव्हा ते मला बंद करता यावं.

हे अवघड आहे असं कृपया सांगू नका. आपल्याच अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेत मी संमती दिली की कर्ज देणाऱ्या कंपनीला माझं स्टेटमेंट थेट पाहता येतं. ताईला ते दिसू शकत नाही, कारण ती कुठल्याही नियामकाच्या अखत्यारीतली संस्था नाही. ज्याला मला कर्ज द्यायचंय त्याला माझं खातं दिसतं आणि जिला मला कर्जापासून लांब ठेवायचंय तिला दिसत नाही, हे मी अनेकदा वाचून पाहिलं. अर्थ तोच निघतो.

यूपीआय सर्कलही मी पाहिलं. त्यात पैसे एकाचे आणि खर्च करणारा दुसरा. ताईने मला तिच्या सर्कलमध्ये घेतलं तर मी तिचे पैसे खर्चणार आणि ती मंजुरी देणार, खाऊच्या पैशांसारखी. मला नेमकं उलटं हवं आहे.

शिवाय आपल्याला हे जमतं, हे मी पाहिलंय. २०२० पासून प्रत्येक कार्डाचे ऑनलाइन व्यवहार चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय आपण बँकांना सक्तीची केलीत. दृष्टिहीनांना नोट ओळखता यावी म्हणून आपण 'मनी' ॲप काढलंत. कर्जाच्या अटी ग्राहकाला कळतील अशा भाषेत एका पत्रकात लिहून द्यायला लावल्यात, आणि ते पत्रक तर मी करमणूक म्हणूनही वाचते. तसंच एक पान काउंटरवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं असावं, आणि त्याच्या पहिल्या ओळीत 'ही मुदत ठेव नाही' असं लिहिलेलं असावं. सहीच्या जागी ठसा किंवा दुसरी काही खूण मागणाऱ्या ग्राहकाला कारण विचारू नये, एवढंही एखाद्या परिपत्रकात घालता येईल.

ताईने हे पत्र वाचलं. 'करमणूक' शब्द काढ म्हणाली. मी ठेवला आहे.

या पत्राचं उत्तर लेखी द्यावं ही विनंती. फोन करू नये. तो बँकांसाठी ठरवलेल्या १६०० च्या मालिकेतला असला तरी मी उचलणार नाही.

आपली विश्वासू,
सांगलीची एक खातेदार