झेल घेण्याआधी उभं कुठे राहायचं ते बघा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. तुमचा मुलगा यंदा नववीत गेला असेल आणि शाळेच्या फुटबॉल टीममध्ये घेतलं म्हणून घरभर नाचत असेल, तर पाच मिनिटं माझं ऐका. हेल्मेट, पॅड, दुखापती याबद्दल शाळा तुम्हाला सांगेलच. मला झेलाबद्दल सांगायचं आहे.

आपण क्रिकेटवर वाढलो. चेंडू हवेत गेला की जो जवळ असेल त्याने धावायचं. इथे तसं चालत नाही. पुढे फेकलेला पास कोणी झेलायचा आणि कोणी नाही, हे बॉल हलायच्या आधीच ठरलेलं असतं. अकरापैकी निदान पाच जणांना तो झेलताच येत नाही.

हे मला माझ्या नातवामुळे कळलं. तो लहानपणापासून फ्लॅग फुटबॉल खेळला. तिथे सगळेच पास झेलू शकतात. शाळेच्या टीममध्ये त्याला ८४ नंबर मिळाला. शुक्रवारची संध्याकाळ होती, मांडीवर चहाचा थर्मास होता. पोरगा धावत मैदानाच्या टोकाला गेला, उडी मारली आणि बॉल छातीशी धरला. आम्ही सगळे उभे राहिलो. मग गवतावर रेफ्रीने चूक दाखवायला टाकलेला पिवळा रुमाल दिसला. टचडाऊन रद्द. टीम पाच यार्ड मागे, वर एक संधीही गेली. मी रेफ्रीच्या नावाने ओरडलो. चूक माझी होती, रेफ्री बरोबर होता. गाडीत पोरगा रडत म्हणाला, "आजोबा, माझ्या बाहेरच्या बाजूचा मुलगा पुढे आला होता, ते मी बघितलंच नाही."

म्हणजे काय झालं, ते घरीच करून बघा. जेवणाच्या टेबलावर अकरा वाट्या घ्या. सात वाट्या एका ओळीत मांडा, चार त्यांच्या मागे. ओळीच्या दोन टोकांच्या वाट्या आणि मागच्या चार, एवढ्याच पास झेलू शकतात. मधल्या पाच नाहीत. आता मागची एक वाटी उचलून ओळीच्या उजव्या टोकाबाहेर ठेवा. आता टोकाला ती आली. आधी जी टोकाला होती ती झाकली गेली, तिचा झेलायचा हक्क गेला. जर्सीवरचा नंबर बरोबर असला तरी गेला; नंबराचं पुढे सांगतो. माझ्या नातवाचं नेमकं हेच झालं. दुसऱ्या मुलाचं एक पाऊल पुढे पडलं आणि याचा झेल वाया गेला.

म्हणून मुलाला एक सवय लावा. ओळीच्या टोकाला उभं राहिलं की आधी आपल्या बाहेरच्या बाजूला बघायचं. तिथे कोणी असेल तर तो मागे आहे ना, याची खात्री करायची. शंका वाटली तर मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पंचाकडे हात करून विचारायचं. तुम्ही पुढच्या सामन्यात नीट बघा, चांगले खेळाडू दर वेळी विचारतात. खेळाडू ओळीच्या मागे असेल तर पंच हात मागे करून तसं दाखवतो. विचारण्यात कमीपणा नाही.

आता नंबराचं. ५० ते ७९ यातला नंबर अंगावर असेल तर शाळेच्या सामन्यात पास झेलता येत नाही, कुठेही उभं राहिलं तरी. रेफ्रीला सांगून परवानगी मिळत नाही, जर्सीच बदलावी लागते.

टीव्हीवर वेगळं दिसतं, तिथे मुलं गोंधळतात. व्यावसायिक सामन्यात असा खेळाडू आधी रेफ्रीला कळवून पास झेलू शकतो. पण तिथेही किती घोळ होतो बघा. ३० डिसेंबर २०२३ ला डॅलस काउबॉइज आणि डेट्रॉइट लायन्स यांचा सामना होता. शेवटच्या क्षणी लायन्सच्या ६८ नंबरच्या टेलर डेकरने दोन गुणांचा पास झेलला. पण कळवणारा खेळाडू म्हणून रेफ्रीने नाव जाहीर केलं होतं ते ७० नंबरच्या डॅन स्किपरचं. झेल रद्द झाला आणि लायन्स १९-२० असे हरले. त्यावर लोक किती दिवस वाद घालत होते! एवढ्या मोठ्या लोकांचं असं होतं, तर चौदा वर्षांच्या पोरावर चिडू नका.

ज्यांना झेलता येत नाही त्यांनी पास सुटण्याआधी फार पुढेही पळायचं नसतं. शाळेत दोन यार्ड, कॉलेजात तीन, व्यावसायिक सामन्यात एकच. रविवारी टीव्हीवर बघून शुक्रवारी तसंच खेळायला जाऊ नको, हे मुलाला बजावून सांगा. आणि एवढंही सांगा, की समोरच्या टीमच्या कोणाचा हात पासला लागला तर मग कोणीही झेलावा. तेव्हा ६६ नंबरवाल्यानेही बॉलवर झडप घालावी.

शेवटी तुमच्यासाठी एक गोष्ट. मुलाला साठाच्या घरातला नंबर मिळाला तर तोंड पाडू नका. नंबर बदलून मागायला कोचकडे तर अजिबात जाऊ नका. समोरून धावून येणाऱ्या धिप्पाड मुलांना तोच अडवतो. तो दोन सेकंद जास्त उभा राहिला म्हणून पास फेकणाऱ्याला मान वर करून बघता येतं. त्याच्याकडे कॅमेरा वळत नाही, म्हणून तुम्ही तरी त्याच्याकडे बघा. सामना चालू असताना पाच मिनिटं बॉल सोडा, फक्त त्याचे पाय बघा.

पुण्याच्या आजीलाही व्हिडिओ कॉल लावण्याआधी सांगून ठेवा. "किती झेल घेतलेस?" असं विचारू नकोस म्हणावं. "आज कोणाकोणाला अडवलंस?" असं विचार.