सुवास की श्वास?



पावसाळ्यात आमच्या मावळातल्या कुठल्याही वस्तीत जा, घरात पाऊल टाकताच ओलीचा कुबट वास नाकाला जाणवतो. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्यात 4000 मिलिमीटरच्याही वर. जून ते सप्टेंबर भिंती ओल्या, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस दमट, गोधड्या जड आणि पेटीतल्या कपड्यांवर बुरशीचे ठिपके. मग आपण काय करतो? अगरबत्ती लावतो, फिनेल ओततो, कपड्यांत डांबराच्या गोळ्या टाकतो आणि पाहुणा दारात दिसला की सुगंधी फवारा मारतो. घराला वास चांगला येतो. पण त्याच घरात दम्याचे माणूस असेल तर ते कोपऱ्यात बसून खोकू लागते.

आपली माणसे असे का करतात, हेही समजून घेतले पाहिजे. वस्तीतल्या माणसाला घाणेरडा म्हणून हिणवणारे लोक अजून संपलेले नाहीत. आपल्या घराला वास येतो असे कोणी म्हणू नये, ही धास्ती आपल्या माता-भगिनींच्या मनात घर करून असते. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा उपदेश केला होता. तो उपदेश आपल्या आज्यांनी मनावर घेतला आणि घरे आरशासारखी ठेवली. परंतु लक्षात घ्या, तो उपदेश स्वच्छतेचा होता, अत्तराचा नव्हता. स्वच्छ घराला मुळात वासच नसतो.

दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आतून सुजलेल्या आणि नाजूक असतात. धूर, धूळ, बुरशी किंवा उग्र वास आत गेला की त्या आवळतात, कफ साठतो आणि छातीत घरघर सुरू होते. धुराला चंदनाचा वास असला, तरी छातीच्या दृष्टीने तो धूरच. डासांच्या कॉइलची गोष्ट तर फारच वाईट आहे. 2003 साली मलेशिया व अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की एक कॉइल पूर्ण जळल्यावर जेवढे सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात, तेवढे 75 ते 137 सिगारेटींतून पडतात. ज्या घरात कोणी विडीला हात लावत नाही, त्या घरात लेकरू रात्रभर उशाशी कॉइल ठेवून झोपते. कॉइलपेक्षा मच्छरदाणी बरी. एकदा घेतली की वर्षानुवर्षे टिकते आणि श्वासही मोकळा राहतो.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच, की वास झाकू नका, त्याचे मूळ काढा. यातल्या बहुतेक गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

ओल : मे महिन्यात घर शाकारणे ही आपली जुनी रीत. घर पत्र्याचे असो की कौलाचे, गळती पावसाआधीच बंद करा. घर भाड्याचे असेल तर घरमालकाला मेमध्येच सांगा. जुलैमध्ये सांगून उपयोग नाही. कपाट, पेटी भिंतीला चिकटवू नका, चार बोटे पुढे ओढा, म्हणजे मागे हवा खेळेल. पाऊस थांबला की समोरासमोरची दारे-खिडक्या पंधरा मिनिटे उघडा. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. त्यातले सारे पाणी त्याच हवेत उतरते. पडवीत जागा असेल तर तिथे दोरी बांधा. भिंतीवर बुरशी आली असेल तर कोरडी घासू नका, तिची भुकटी हवेत उडते. नाकाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसा आणि जागा कोरडी करा. दमेकऱ्याने हे काम करू नये आणि त्या वेळी खोलीतही थांबू नये.

अंथरूण : जुन्या गोधड्या-उशांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे वाढतात. दमट हवा त्यांना मानवते आणि त्यांच्या विष्ठेने दमा उसळतो. चादरी, अभ्रे आठवड्याला चांगल्या कढत पाण्यात धुवा. उन्हाची तिरीप दिसली की गोधड्या बाहेर टाका. दसऱ्यानंतरचे कडक ऊन तर अजिबात वाया घालवू नका.

कपडे : डांबराच्या गोळ्यांचा वास उग्र असतो आणि लहान मुलांना त्या घातकही ठरू शकतात. त्याऐवजी कपडे पूर्ण वाळवूनच पेटीत ठेवा आणि मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला.

मोरी आणि स्वयंपाक : मोरीच्या जाळीत अडकलेले केस, शिते रोज काढा आणि रात्री धुण्याचा सोडा घातलेले गरम पाणी ओता. सुकट, बोंबील घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि भाजताना खिडकी उघडी ठेवून दमेकऱ्याला बाहेर बसवा. अंघोळीच्या पाण्याची चूल घरात असेल तर ती पडवीत न्या. केर काढताना आधी ओल्या फडक्याने पुसा, म्हणजे धूळ उडणार नाही. आणि एक धोक्याची गोष्ट : ब्लीचिंग पावडर व संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. धडधाकट माणसालाही तो सोसत नाही, मग दमेकऱ्याचे काय होणार?

आता थोडे नाजूक बोलतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपला वर्षावास. घरोघरी आणि विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. हे तीन महिने म्हणजे आपल्याकडे धो धो पावसाचे. विहाराच्या खिडक्या बंद, आत पन्नास माणसे आणि समोर अगरबत्त्यांचा जुडगा पेटलेला. ज्यांना श्वासाचा त्रास आहे, ती म्हातारी माणसे आणि मुले मागच्या मागे उठून बाहेर जातात. कारण विचारले तर संकोचाने सांगत नाहीत. काहींनी तर वाचनाला येणेच सोडले आहे. ज्यांना धम्म ऐकायचा आहे, त्यांनाच धुराने बाहेर काढावे, हे आपल्याला शोभते काय?

कोणी म्हणेल, पूजेत सुगंध सांगितलेला आहे. खरे आहे. पण पूजेतल्या वस्तू खुणेच्या असतात. फूल कोमेजते, मेणबत्ती विझते. त्यातून अनित्यतेचा बोध घ्यायचा असतो. धम्मपदाच्या पुष्पवग्गात तर शीलाचा सुगंध साऱ्या सुगंधांत श्रेष्ठ मानला आहे. तथागतांच्या मूर्तीपुढे ताजी फुले आणि एक मेणबत्ती पुरेशी आहे. फुलेही उग्र वासाची नसावीत. काहींना तीही सोसत नाहीत. अगरबत्ती लावायचीच असेल तर एकच लावा, तीही दाराबाहेर. पंचशील ग्रहण करताना प्राणिमात्राला इजा न करण्याचे आपण प्रथम म्हणतो; त्या प्राणिमात्रांत आपल्या शेजारी बसलेली आजीही येते.

घर कितीही स्वच्छ ठेवले तरी दम्याचे औषध थांबवू नका. पंप घेतला की सवय लागते, हा गैरसमज आहे. पंपाचे औषध थोड्या मात्रेत थेट फुप्फुसात जाते आणि सूज आवरते. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितले असेल तर बरे वाटत असतानाही घ्या. धाप इतकी लागली की एक वाक्य पुरे बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, तर वाफ, काढा यांत वेळ घालवू नका. लगेच दवाखाना गाठा. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर तो दमाच असेल असे धरून बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या.

वस्तीतल्या महिला मंडळांना आणि विहार समित्यांना आमची विनंती आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. वर्षावासात वाचन सुरू होण्यापूर्वी खिडक्या उघडायच्या, अगरबत्ती आत लावायची नाही, एवढा एकच ठराव करा. आणि जी माणसे यायची थांबली आहेत, त्यांच्या घरी जाऊन सांगा, की आता या, आता तुम्हाला इथे बसता येईल.