शोधायचे उरले काय?

कलबुर्गीचे पी.डी.ए. अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८ साली निघाले. आता बीदरकडील खेड्यांतूनही मुली अभियंता होतात, पण एखादीने पुढे संशोधन करीन म्हटले की वडील विचारतात, “संगणक तर तयारच आहे, शोधायचे उरले काय?”

सरिता अडवे मुंबईच्या आय.आय.टी.तून १९८७ साली पदवीधर होऊन अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकावयास गेल्या. तेथे त्यांनी जो प्रश्न हाती घेतला, तो आपल्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीवरून समजेल. एक कारकून वहीत नोंद करतो, मग ‘झाले’ अशी चिठ्ठी लावतो. दुसरा चिठ्ठी पाहून वही उघडतो. घाईने चिठ्ठी आधी लागली, तर दुसऱ्यास पान कोरेच दिसावयाचे! एकाच स्मृतीवर काम करणारे अनेक प्रोसेसर वेगापायी असाच क्रम बदलतात. १९९० साली अडवे व त्यांचे मार्गदर्शक मार्क हिल यांनी करार सुचविला: आज्ञावली लिहिणाऱ्याने अशा चिठ्ठ्या स्पष्ट दाखवाव्यात, यंत्राने तेथे क्रम पाळावा, इतरत्र खुशाल धावावे.

हाच करार पुढे जावा (२००४) व सी प्लस प्लस (२०११) या संगणकभाषांचा पाया झाला. म्हणजे चौदा ते एकवीस वर्षे! दरम्यान १९९३ साली डॉक्टरेट मिळवून अडवे प्राध्यापक झाल्या. १९९९ पासून इलिनॉय विद्यापीठात. २०१८ साली त्यांना केन केनेडी पुरस्कार लाभला.

खर्चाची काळजी रास्तच आहे. मात्र आय.आय.टी.त पीएच.डी. करणाऱ्यास विद्यावेतन मिळते, हे पुष्कळ वडिलांच्या कानी पोहोचलेलेच नसते.